एक्स-अक्षावर काय आहे?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आमच्या ग्रुपने प्रोजेक्ट घेतला होता: जेनेटिक अल्गोरिदम वापरून कॉलेजचं टाइमटेबल बनवायचं. दोन डिव्हिजनची मिळून ४० लेक्चर्स आणि आठवड्याच्या ३० तासिका. कुठलं लेक्चर कुठल्या तासिकेला, हे ४० आकड्यांच्या एका ओळीत लिहायचं. ही ओळ म्हणजे आमचं ‘गुणसूत्र’. एकाच सरांना एकाच वेळी दोन वर्गांवर पाठवलं किंवा एकाच डिव्हिजनवर दोन लेक्चर्स आदळली, की गुण कापायचे. अशा शंभरेक ओळी घ्यायच्या, त्यातल्या बऱ्या ओळींचे तुकडे एकमेकींत मिसळायचे, अधूनमधून एखादा आकडा उगाचच बदलायचा, वाईट ओळी टाकून द्यायच्या आणि हे पिढ्यान्पिढ्या चालू ठेवायचं. निसर्गाने माणूस घडवला, तर आपलं एक टाइमटेबल घडायला काय हरकत आहे, असा सगळा हिशोब.

व्हायवाच्या आदल्या रात्री लक्षात आलं की पीपीटीत एकही बघण्यासारखं चित्र नाही. मग नेटवरून एक उचललं. तुम्हीही ते पाहिलं असेल: निळ्या दऱ्या, हिरवे उतार, लालभडक शिखरं, त्रिमितीय डोंगररांग. खाली मी लिहिलं, ‘आमचा अल्गोरिदम सर्वोच्च शिखर शोधतो.’

एक्सटर्नल म्हणून आलेल्या मॅडमनी ती स्लाइड बराच वेळ पाहिली. मग पेनाने पडद्याकडे बोट दाखवून त्यांनी शांतपणे विचारलं, “हा एक्स-अक्ष. यावर काय आहे?”

आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. आमच्याकडे ४० आकडे होते. डोंगराला जमीन दोनच दिशांची होती. उरलेले ३८ कुठे गेले?

मार्क जायचे ते गेले. पुढे कित्येक वर्षांनी कळलं, की हाच प्रश्न हे चित्र पहिल्यांदा काढणाऱ्या माणसालाही विचारला गेला होता. चित्र काढल्यानंतर तब्बल ५४ वर्षांनी. तेव्हा तो ९६ वर्षांचा होता, आणि त्याने उत्तर दिलं.

•

त्या माणसाचं नाव सूअल राइट. जन्म १८८९, अमेरिका. हार्वर्डमधून डॉक्टरेट घेऊन १९१५ साली तो वॉशिंग्टनला अमेरिकेच्या कृषी खात्यात लागला. तिथे त्याच्या हाती आले गिनीपिग. खात्याने कित्येक पिढ्या भाऊ-बहिणींचं मीलन घडवून त्यांची स्वतंत्र घराणी तयार केली होती. एकाच मूळ कळपातून निघालेली ही घराणी एकमेकांपासून पार वेगळी होत गेली होती. कुणाचा रंग वेगळा, कुणाचं वजन कमी, कुणाला रोग लवकर जडायचे. ही निवड कुणी मुद्दाम केलेली नव्हती. छोट्या कळपात नुसत्या योगायोगानेही जनुकं एका बाजूला झुकतात, हे राइटच्या डोळ्यांसमोर घडत होतं.

दुसरी गोष्ट त्याला गिनीपिगच्या केसांच्या रंगाने शिकवली. एखादं जनुक ‘चांगलं’ की ‘वाईट’, हे एकट्याने ठरत नाही. सोबतीला कोण आहे त्यावर ते ठरतं. स्वयंपाकासारखंच हे. मीठ चांगलं की वाईट, या प्रश्नाला अर्थ नाही. आमटीत की चहात, ते आधी सांगा.

या दोन गोष्टी एकत्र केल्या की एक अडचण उभी राहते. निसर्ग पायरीपायरीने सुधारणा करतो असं धरलं आणि सध्याच्या जोडणीतला प्रत्येक एकेरी बदल नुकसानीचाच असेल, तर प्राणी तिथेच अडकणार. दूर कुठेतरी याहून कितीतरी चांगली जोडणी असेल, पण तिथे जायला आधी वाईट व्हावं लागेल, आणि निवड वाईटाला जगू देत नाही. मग उत्क्रांती पुढे सरकते कशी?

राइटचं उत्तर गिनीपिगच्या घराण्यांतूनच आलं. मोठा समूह छोट्या-छोट्या गटांत विभागलेला असेल, तर एखादा गट योगायोगाने भरकटत ती दरी ओलांडतो आणि पलीकडच्या चढणीला लागतो. मग त्याची जनुकं बाकीच्यांत पसरतात.

•

१९३२ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका इथे जनुकशास्त्राची सहावी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. आधुनिक उत्क्रांतिशास्त्राचं गणित ज्या तिघांनी उभं केलं ते राइट, इंग्लंडचे रोनाल्ड फिशर आणि जे. बी. एस. हाल्डेन, तिघंही तिथे होते. (यातले हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) राइटला सांगण्यात आलं होतं की थोडक्यात बोला, आणि गणित नको. त्याचा आदल्या वर्षीचा मोठा लेख गणिताने खचाखच भरलेला होता. तो पचवू शकणारे जीवशास्त्रज्ञ बोटांवर मोजण्याइतके.

म्हणून राइटने चित्रं काढली.

पहिलं चित्र प्रामाणिक होतं. दोन जनुकं, प्रत्येकाची दोन रूपं: चार जोडण्या, म्हणजे एका चौकोनाचे चार कोपरे. तीन जनुकं: घनाचे आठ कोपरे. चार जनुकांना १६ आणि पाच जनुकांना ३२. पाचाचं चित्र म्हणजे रेघांचं जाळंच झालं होतं, तरी त्यात काही लपवलेलं नव्हतं. प्रत्येक कोपरा म्हणजे एक जोडणी, प्रत्येक रेघ म्हणजे एक बदल. पाच जनुकं असतील तर प्रत्येक कोपऱ्याला बरोबर पाच शेजारी.

पण खऱ्या प्राण्यात पाच जनुकं नसतात. राइटने हिशोब मांडला: १००० जनुकं आणि प्रत्येकाची १० रूपं धरली, तर जोडण्या किती? १ वर १००० शून्यं. साऱ्या दृश्य विश्वातले इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन मोजले तरी तो आकडा १ वर १०० शून्यांच्या आतच राहतो, असंही त्याने सांगितलं. प्रत्येक जोडणीचा ‘फिटनेस’, म्हणजे त्या परिस्थितीत तगून पिल्लं वाढवण्याची क्षमता, ही तिची उंची धरायची. म्हणजे हजारो मितींचा नकाशा. तो कागदावर येणार कसा?

तेव्हा त्याने दुसरं चित्र काढलं. भूगोलाच्या पुस्तकात असतात तशा समोच्च रेषा, शिखराला अधिकची खूण, दरीला उण्याची. हजारो मितींचा कारभार दोन मितींच्या कागदावर. त्याच नकाशाच्या सहा आवृत्त्या काढून प्राण्यांचा समूह कधी शिखरावर आक्रसतो, कधी पसरतो, कधी भरकटतो, हे त्याने दाखवलं.

सभागृहाला पहिलं चित्र आठवलं नाही. दुसरं कुणी विसरलं नाही. १९३७ मध्ये थिओडोसियस डोबझान्स्की यांनी आपल्या गाजलेल्या पुस्तकात ते घेतलं. १९४४ मध्ये जॉर्ज गेलॉर्ड सिम्प्सन यांनी तीच कल्पना जीवाश्मांना लावली. डोंगर पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला.

•

एकाला मात्र तो पटला नव्हता. परिषदेच्या आदल्या वर्षीच, १९३१ मध्ये, राइटने पत्रातून ही कल्पना फिशरना कळवली होती. फिशर भूमितीत विचार करणारे गणिती. त्यांच्या उत्तराचा आशय असा:

एका रेषेवर चाललात तर चढ-उतार एकाआड एक येतात. शिखर, दरी, शिखर, दरी. दोन मितींत मात्र खरं शिखर व्हायला दोन्ही दिशांना उतार हवा. एकीकडे उतार आणि दुसरीकडे चढ असेल तर ते शिखर नव्हे, खिंड. मिती वाढत गेल्या की प्रत्येक दिशेची नवी अट. जणू प्रत्येक मितीमागे एक नाणं उडवायचं, आणि सगळी नाणी छापा पडली तरच शिखर. हजार मितींत असं किती वेळा होणार? बहुतेक ठिकाणी एखादी तरी वाट वर जाणारी निघेलच. म्हणजे ज्या दरीत उत्क्रांती अडकते म्हणून राइट चिंतेत होता, ती दरी कदाचित कागदानेच तयार केलेली. दोन मितींत जे एकाकी शिखर दिसतं, ते तिसऱ्या दिशेने बघितलं तर खिंडीतून पुढे जाणारी वाट असू शकतं.

इथे वाद डोंगराच्या आकाराचा नव्हता. आपण ज्या चित्रात विचार करतो त्या चित्रानेच आपल्याला अडचण आणि उत्तर दोन्ही पुरवलेली असतील तर काय, असा तो होता. दोघांचं पुढे बिनसलं आणि वाद तसाच राहिला.

•

मग संगणक आले. १९६४ च्या सुमारास बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात इंगो रेशेनबर्ग आणि हान्स-पॉल श्वेफेल हे विद्यार्थी वाऱ्याच्या बोगद्यात एक घडीची पट्टी घेऊन बसले होते. पट्टीला पाच बिजागऱ्या, प्रत्येक बिजागरी ५१ कोनांत वळणारी. एकूण शक्यता ३४ कोटी ५० लाख २५ हजार २५१. त्यांनी कोन यदृच्छेने थोडे-थोडे बदलले, वाऱ्याचा अडथळा कमी झाला तर बदल ठेवला, नाहीतर मागे फिरले. नागमोडी वाकवलेली पट्टी काहीशे प्रयत्नांत जवळपास सपाट झाली. सपाटच पट्टी सगळ्यात चांगली, हे उत्तर आधी ठाऊक होतं. म्हणून तर ती परीक्षा खरी होती.

तिकडे मिशिगन विद्यापीठात जॉन हॉलंड यांच्या हाती ग्रंथालयात फिशर यांचं १९३० चं पुस्तक लागलं आणि उत्क्रांतीलाच गणनयंत्र म्हणून वापरता येईल हा विचार त्यांच्या डोक्यात रुजला. त्यातून १९७५ मध्ये त्यांचं जेनेटिक अल्गोरिदमचा पाया घालणारं पुस्तक आलं. गंमत बघा: या शास्त्राला प्रेरणा फिशरची मिळाली, पण भाषा मिळाली राइटची. शिखर, दरी, चढण, अडकणं. हॉलंड यांचे विद्यार्थी केनेथ डीजाँग यांनी त्याच वर्षीच्या प्रबंधात अल्गोरिदमची परीक्षा घ्यायला काही ठरावीक फलनं वापरली. अशा फलनांची दोन चलांची आवृत्ती सुंदर रंगीत डोंगर म्हणून छापता येते. मी पीपीटीत डकवलेला डोंगर याच घराण्यातला. तो खोटा नव्हता. फक्त माझ्या प्रश्नाचा नव्हता.

•

१९८६ साली इतिहासकार विल्यम प्रोव्हाइन यांनी राइटचं मोठं चरित्र लिहिलं. राइट हयात होता, त्याच्याशी तासन्‌तास बोलून लिहिलेलं पुस्तक. आणि त्यातच प्रोव्हाइन यांनी त्याच्या सर्वांत लाडक्या चित्रावर बोट ठेवलं. अक्षांवर नेमकं काय आहे?

राइटने वेगवेगळ्या वेळी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या. कधी नकाशावरचा एक ठिपका म्हणजे एका प्राण्याची जनुकांची जोडणी. कधी एक ठिपका म्हणजे अख्खा समूह, अक्षांवर जनुकांचं त्या समूहातलं प्रमाण, आणि उंची म्हणजे सरासरी फिटनेस. दुसऱ्या अर्थाने सलग पृष्ठभाग काढता येतो. पहिल्या अर्थाने येत नाही, कारण दोन जोडण्यांच्या मध्ये काहीच नसतं. घनाचे कोपरे असतात, कोपऱ्यांच्या मधली माती नसते. मग समोच्च रेषा काढल्या कशावर?

राइटने १९८८ च्या जानेवारीत एका शोधपत्रिकेत उत्तर छापलं. त्याचा सूर असा, की हजारो मिती दोन मितींत बसवलेलं ते चित्र गणितासाठी नव्हतंच. एक विचार लोकांपर्यंत पोचवण्यासाठी होतं. मार्चमध्ये तो गेला. वय ९८.

मला यात कुणाची हार दिसत नाही. गणित नको म्हणणाऱ्या श्रोत्यांसाठी एका माणसाने चित्र काढलं, आणि श्रोत्यांनी ते नकाशा समजून घरी नेलं. मीही त्याच रांगेतला.

•

आता मूळ अडचण हातात धरून बघू. कागदावर तीन ठिपके असे काढा की प्रत्येकाचं दुसऱ्यापासूनचं अंतर सारखं. सोपं आहे, समभुज त्रिकोण. आता चार काढा. कागदावर जमणार नाही. चौथा ठिपका कागदाच्या वर उचलावा लागेल. पाच ठिपक्यांना चार मिती लागतात. आता ० आणि १ यांच्या १०० आकडी ओळी घ्या. कुठल्याही दोन ओळी यदृच्छेने उचलल्या तर त्या साधारण ५० जागी वेगळ्या असतात, आणि बहुतेक वेळा ४० ते ६० यांच्या मध्येच. म्हणजे जवळजवळ सगळेच सगळ्यांपासून सारखे लांब. अशा हजार ओळींचा कागदी नकाशा काढताना कुणाला तरी जवळ ओढावं लागतं, कुणाला तरी दूर लोटावं लागतं. जॉन सॅमन यांनी १९६९ मध्ये अंतरं कमीत कमी बिघडावीत अशी नकाशा काढायची रीत दिली, पुढे टी-स्नीसारख्या रीती आल्या. प्रत्येक रीत काहीतरी वाकवतेच. शेकडो मितींत दिशाहीन भरकटणारी वाट मुख्य घटकांच्या पद्धतीने कागदावर उतरवली, तर ती छान गुळगुळीत वळणदार रेषा दिसते, जणू कुणी ठरवून चाललंय. दिशा नव्हतीच, ती नकाशाने दिली.

म्हणून शहाण्या लोकांनी डोंगर काढणं कमी करून डोंगराला प्रश्न विचारायला सुरुवात केली. १९८७ मध्ये स्टुअर्ट कॉफमन आणि सायमन लेव्हिन यांनी खडबडीतपणाच मोजायला घेतला. कॉफमन यांच्या प्रतिमानात एक बटण असतं: एका जनुकाचा परिणाम इतर किती जनुकांवर अवलंबून. शून्यावर ठेवा, एकच शिखर. पूर्ण फिरवा, तर २० जनुकांच्या सुमारे साडेदहा लाख जोडण्यांत सरासरी जवळपास ५० हजार शिखरं. आमटी आणि मीठ इथे आकड्यात आलं.

१९९५ मध्ये टेरी जोन्स यांनी प्रबंधात आणखी मूलभूत गोष्ट मांडली. शेजारी कोण, हे तुम्ही पाऊल कसं टाकता त्यावर ठरतं. एक आकडा बदलणं हे एक पाऊल, दोन ओळी मिसळणं हे वेगळंच पाऊल. म्हणजे प्रश्न एकच असला तरी प्रत्येक पावलाचा भूप्रदेश वेगळा. त्यांनी आणि स्टेफनी फॉरेस्ट यांनी एक साधं चित्रही सुचवलं: आडव्या अक्षावर सर्वोत्तम उत्तरापासूनचं अंतर, उभ्या अक्षावर गुण. दोनच अक्ष, आणि दोन्हींना अर्थ आहे. २००८ पासून गॅब्रिएला ओचोआ आणि सहकाऱ्यांनी डोंगरच काढून टाकला आणि मेट्रोच्या नकाशासारखं जाळं काढलं: प्रत्येक ठिपका एक शिखर, प्रत्येक रेघ म्हणजे एका शिखरावरून दुसऱ्यावर जाण्याची शक्यता. हे राइटच्या पहिल्या, विसरलेल्या चित्राकडे परत जाणंच आहे. कोपरे आणि रेघा.

•

या सगळ्याचा आपल्या जगण्याशी काय संबंध, असं वाटत असेल तर एक खेळ. ‘हात’पासून ‘रान’पर्यंत जायचंय, एका वेळी एकच अक्षर बदलून, आणि मधला प्रत्येक शब्द अर्थाचा हवा. हात, रात, रान. जमलं. पण आधी दुसरं अक्षर बदललं तर मध्ये ‘हान’ येतो, आणि वाट बंद. बदल तेच दोन, क्रम वेगळा. प्रथिनांची उत्क्रांती अशीच शब्दांच्या खेळासारखी असते, हे जॉन मेनार्ड स्मिथ यांनी १९७० मध्ये मांडलं होतं.

२००६ मध्ये डॅनियल वाइनराइक आणि सहकाऱ्यांनी हा खेळ खऱ्या जिवाणूत खेळून पाहिला. प्रतिजैविकाला निकामी करणाऱ्या एका विकराच्या जनुकात पाच बदल झाले की सेफोटॅक्झिम या औषधाला होणारा विरोध सुमारे एक लाख पट वाढतो. पाच बदल म्हणजे ३२ कोपरे, आणि तिथवर पोचायचे क्रम १२०. त्यांनी कोपरे तपासले. १२० पैकी १०२ वाटा निवडीला बंद होत्या; जेमतेम १८ उघड्या. म्हणजे राइटची भीतीही खरी होती आणि फिशरची आशाही. बहुतेक वाटा अडतात, तरी काही खिंडी उरतातच. औषध निकामी व्हायला जिवाणूला त्या पुरतात.

हे उत्तर रंगीत डोंगरातून आलं नाही. एकेक कोपरा मोजल्यावर आलं.

•

मध्यंतरी जुनी हार्ड डिस्क सापडली आणि टाइमटेबलचा तो प्रोग्राम पुन्हा चालवला. तेव्हा आमचा अल्गोरिदम काही चकमकींवर येऊन अडकायचा. आम्ही म्हणायचो, शिखरावर अडकलाय, दरी ओलांडायला हवी, म्युटेशन वाढवा. वाढवलं की होतं तेही बिघडायचं. आता मी चित्र न काढता शेजारी मोजले. ४० लेक्चर्स, प्रत्येकाला इतर २९ तासिका: १,१६० शेजारी. लॅपटॉपला क्षणभराचं काम. त्यातले कितीतरी शेजारी अगदी तितक्याच गुणांचे निघाले. दरी नव्हतीच. पठार होतं, आणि आम्ही पठारावर उभं राहून उड्या मारत होतो. आम्ही बरोबरीचा बदल नाकारत होतो, कारण त्याने गुण वाढत नव्हते. ती एक अट बदलली, आणि प्रोग्राम आडवा चालत-चालत पुढे सरकला.

मॅडम, उशीर झालाय, पण उत्तर देतो. त्या डोंगराच्या एक्स-अक्षावर काहीच नव्हतं. नव्या चित्रात आहे: आडव्या अक्षावर सापडलेल्या सर्वोत्तम टाइमटेबलपासून किती लेक्चर्स वेगळी, आणि उभ्या अक्षावर किती चकमकी. दिसायला ठिपक्यांचा एक भुरका ढग आहे. पीपीटीत कुणी ‘वा’ म्हणणार नाही.